साखळीखालचं गवत

माझे वडील हट्टी आहेत असं लोक म्हणतात तेव्हा मला हसू येतं. लोकांनी अजून मला नीट पाहिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आमचा धंदा होड्या जागेवर बांधून ठेवण्याचा. खाडीत ज्यांच्या होड्या उभ्या असतात त्यांच्यासाठी तळाशी सिमेंटचा ठोकळा टाकायचा, ठोकळ्याला साखळी, साखळीला वर तरंगणारा बोया, आणि बोयाला होडी. वारा कुठूनही येवो, होडी बोयाभोवती फिरत राहते आणि मालक घरी निवांत घोरतो. या खाडीतला जवळजवळ प्रत्येक ठोकळा बाबांनी टाकलेला आहे. त्यांचा नियम एकच: साखळी लागते त्यापेक्षा लांब ठेवायची. जड साखळी तळाशी लोळत असली की होडीला पळून जायची बुद्धी होत नाही, असं त्यांचं म्हणणं. दोरांची टोकं गुंफायचं काम आई करते. पाण्याखालचं सगळं काम माझ्याकडे, कारण डॉक्टरांनी बाबांचा रक्तदाब मोजून त्यांची बुडी कायमची बंद केली. तेव्हापासून मी खाली असते आणि ते वर माझी दोरी धरून बसतात. दोरीतूनही ते मला सूचना देतात.

आमची खाडी उथळ. तळाशी समुद्री गवत आहे, गुडघाभर उंच, दाट, पार खाडीच्या तोंडापर्यंत पसरलेलं. प्रत्येक ठोकळ्याभोवती मात्र एक गोल टक्कल. होडी फिरली की साखळी फिरते आणि तळ खरवडते. आमच्या लेखी त्यात विशेष काही नव्हतं. धंदा म्हटला की तेवढं व्हायचंच.

मग एक संशोधक बाई आल्या. त्या तळावर पारदर्शक घुमट उपडे ठेवायच्या, आत जमलेलं पाणी आणि वायू सिरिंजने ओढून छोट्या बाटल्यांत भरायच्या. धक्क्यावर त्यांचं नाव दुसऱ्याच दिवशी बुडबुडेबाई पडलं. ते त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी रंग मागून घेतला आणि आपल्या पेटीवर मोठ्या अक्षरांत तेच नाव लिहून टाकलं. त्या दिवसापासून आईने त्यांना चहा द्यायला सुरुवात केली.

बाईंनी तळात ठोकून उतरवलेले दोन प्लास्टिकचे पाइप आमच्या कारखान्यात आणले आणि बाकावर आडवे ठेवून उभे चिरले. एक गवतातला, एक टकलातला. गवतातला पाइप वरपासून खालपर्यंत काळा, मुळांच्या धाग्यांनी विणलेला, आणि वास असा की आईने खिडकी उघडली. दुसऱ्यात वरचा काळा भाग नव्हताच. नुसती फिकट वाळू, आणि पार खाली काळ्याचा एक तुकडा. बाईंनी समजावलं ते सोपं होतं. गवत पाण्यातला कार्बन घेऊन पानं-मुळं करतं, पानं गाळ अडवून धरतात, आणि मेलेली मुळं त्या गाळाखाली गाडली जातात. तिथे प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे ती कुजत नाहीत, शेकडो वर्षं तशीच राहतात. साखळीने तो थर उकरला की प्राणवायू आत शिरतो, कुजणं सुरू होतं, आणि इतक्या वर्षांचं पुरलेलं सगळं कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातं. गवत स्वतःही थोडा मिथेन सोडतं, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. पण ते जेवढं पुरून ठेवतं त्यापुढे तो किरकोळ आहे म्हणाल्या.

बाबांनी पाइपाचा वास घेतला आणि म्हणाले, हा चिखल पायाचा काढता काढता माझा जन्म गेला, आणि आता तो मौल्यवान निघाला.

मी हसले नाही. वायूंचं मला फार कळत नाही, पण तो अर्धा रिकामा पाइप बघून माझ्या जिवाला चरका बसला. तो ज्या टकलातून काढला होता ते टक्कल आमचं होतं. खाडीतली सगळीच आमची होती. ती मिटवायची असतील तर तेही आमच्याच हातून व्हायला हवं, हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

उपाय होता. ठोकळ्याऐवजी तळात पिळून बसवायचा लांब लोखंडी स्क्रू, साखळीऐवजी ताणला जाणारा रबरी दोर, आणि दोराच्या मध्यावर एक छोटा बोया, म्हणजे दोर कधी तळाला टेकतच नाही. इतर ठिकाणी लोक वापरतात. मी बाबांना सांगितलं. बाबांनी रबरी दोर हातात घेतला, ओढून पाहिला, सोडला, आणि विचारलं की याने होडी बांधायची की चड्डी. पंधरवडाभर घरात हाच विषय होता. शेवटी मी सरळ होडीमालकांच्या मंडळाकडे गेले. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य, त्यांना सगळे दातवाले म्हणतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, एक बसवून दाखव. वाऱ्याचे महिने जाऊ देत. होडी टिकली आणि खाली गवत आलं, तर सगळ्या साखळ्या बदलू आणि ते काम तुझं. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

मला ते काम हवं होतं. अगदी हपापल्यासारखं हवं होतं. पाण्याखालचा प्रत्येक नट मी आवळत होते आणि तरी धक्क्यावर मी अजून "त्यांची मुलगी" होते.

पण होडी कोण देणार? कोणीच देईना. तेव्हा बाबा उठले आणि म्हणाले माझी घ्या. ती शिडाची होडी त्यांनी स्वतः बांधलेली आहे. आईपेक्षा तिच्याशी जास्त बोलतात असं आई म्हणते. मला इतका आनंद झाला की त्यांनी ती का दिली, हे विचारायचं सुचलंच नाही.

बाबांच्या जुन्या ठोकळ्यापासून जरा अंतरावर मी स्क्रू बसवला. साखळी काढून घेतली. ठोकळा मात्र खालीच ठेवला, कारण तो उचलायचा म्हणजे दिवसभराचा खेळ. बाईंनी आणि मी मिळून टकलात गवताचे कोंब लावले, प्रत्येक कोंब बांबूच्या खुंटीला बांधून, ओळीत. वर आल्यावर बाई म्हणाल्या की त्यांना मोजमाप करण्यापेक्षा हेच जास्त आवडतं, पण हे कुठे बोलू नकोस.

त्यानंतर माझा कान बिघडला. आतून सूज. डॉक्टरांनी वाऱ्याचे महिने संपेपर्यंत बुडी बंद सांगितली. मी धक्क्यावरून होडीकडे बघत राहायचे. वादळी वारे आले, गेले. होडी जागची हलली नाही. लोक मला थांबवून शाबासकी द्यायला लागले. बाबाही म्हणायचे, बघ, टिकली की.

वारे थांबले आणि बुडबुडेबाई परत आल्या. त्यांनी घुमट लावले, पाइप ठोकले, आणि संध्याकाळी आमच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं, बातमी चांगली नाही. लावलेल्या कोंबांतला एकही शिल्लक नव्हता. खुंट्यासुद्धा उपटलेल्या. टकलातून वायू निघत होता तेवढाच, शेजारच्या साखळीवाल्या टकलांइतकाच. त्यांनी कारण शोधायचा प्रयत्न केला: कदाचित खेकडे, कदाचित लाटा, कदाचित ही जागाच आता गवत धरत नसेल. खोटं लिहिता येणार नाही, त्या म्हणाल्या, आणि मलाही ते नको होतं. मंडळाची सभा दोन दिवसांवर होती.

बाबा हे सगळं ऐकत होते. मला वाटलं, माझं वाईट वाटतंय त्यांना.

खेकडे! खेकडे ओळीत लावलेल्या खुंट्या उपटत नाहीत, आणि जागेने गवत धरायचं सोडलं असं मी आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नव्हते. कान एव्हाना बरा होता. सकाळी बाबा बाजारात गेल्यावर मी आईला छोट्या होडीत बसवलं, तिच्या हातात दोरी दिली आणि खाली गेले.

तळाला पोचताच दिसलं. टकलात एक रुंद, वाकडा पट्टा होता, ताजा खरवडलेला, चंद्रकोरीसारखा. स्क्रूच्या भोवती तो नव्हता. तो जुन्या ठोकळ्याभोवती होता. माझा दोर तर तळापासून हातभर वर, निवांत तरंगत होता. मी ठोकळ्याकडे गेले. त्याच्या कडीत एक नवं कोरं शॅकल, म्हणजे साखळी जोडायचा खिळ्याने बंद होणारा लोखंडी आकडा, अडकवलेलं होतं, खिळा सुटू नये म्हणून तारेने बांधलेलं. तार डावीकडून गुंडाळलेली आणि टोक आत दुमडलेलं. जगात अशी तार एकच माणूस बांधतो.

मी ते शॅकल सोडवून वर आले आणि आईच्या मांडीवर ठेवलं. आईने तार पाहिली. काय झालं ते मी सांगायला लागले: वाऱ्याचे महिने सुरू झाल्यावर बाबांनी गुपचूप जुनी साखळी ठोकळ्याला लावली असणार, होडीला दुसरा आधार म्हणून; नेहमीसारखी लांब, लोळती; आणि बाई यायच्या आधी काढून घेतली. कोंब तिने मारले. आई ते ऐकतच नव्हती.

"म्हणजे हे खाली उतरले होते," ती म्हणाली. "दोनदा."

शॅकल घरी तिनेच आणलं. बाबा पिशव्या घेऊन आत आले तेव्हा जेवणाच्या टेबलावर मधोमध शॅकल होतं. त्यांनी ते पाहिलं, पिशव्या खाली ठेवल्या आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत राहिले.

आईने आधी आपला हिशेब चुकता केला. रक्तदाबाच्या गोळ्या खाणाऱ्या माणसाने एकट्याने, वर दोरीला कोणी नसताना, गार पाण्यात बुडी मारायची, आणि बायकोला सांगायचं की चालायला गेलो होतो. तिने बाबांना असं सोलून काढलं की मला माझा राग थोडा वेळ बाजूला ठेवावा लागला. मग माझी पाळी आली. मी विचारलं की माझ्या कामावर इतका अविश्वास होता तर होडी दिलीत कशाला.

बाबा म्हणाले, "अविश्वास नव्हता. मी बांधलेली होडी सुटली असती तर लोक म्हणाले असते, वाराच तसा होता. तू बांधलेली सुटली असती तर म्हणाले असते, पोरीने सोडली. पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं तुला. होडी माझीच असली की तिला गुपचूप दुसरा आधार देता येणार होता."

"म्हणूनच तर मला ती एकटीने टिकायला हवी होती, बाबा," मी म्हणाले. "आता ती टिकली की तुम्ही टिकवली, हे मलासुद्धा माहीत नाही."

मला रडायला येत होतं आणि त्याचाच राग येत होता. इतक्या मायेने कोणी माझं इतकं नुकसान केलं नव्हतं. प्रेमाने केलेल्या गोष्टीवर धड ओरडताही येत नाही. मी ताट सरकवलं आणि कारखान्यात जाऊन बसले.

शॅकलबद्दल गप्प बसणं सोपं होतं. होडी टिकली म्हणून लोक खूश होते; गवत नाही आलं तर नाही आलं. चार माणसांना तर बरंच वाटलं असतं, बदलायची कटकट वाचली. बाबांची इज्जत राहिली असती. फक्त खाडीतली टकलं तशीच राहिली असती आणि गाडलेला काळा थर रोज थोडा थोडा वर गेला असता, आणि बुडबुडेबाईंच्या कागदावर कायमचं लिहिलं गेलं असतं की साखळी काढली तरी फरक पडत नाही. ते धडधडीत खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे जगात तिघांनाच माहीत होतं. त्यातली एक मी होते. मला ठरवायला फार वेळ लागला नाही.

सभा शिडं शिवायच्या माळ्यावर होती. सगळे कापडाच्या गुंडाळ्यांवर बसले होते. बाईंनी आपले आकडे सांगितले. मग मी उठले आणि सांगितलं की ही परीक्षा झालीच नाही. खाली एक साखळी होती. कोंब तिने मारले, आणि होडी माझ्या दोराने धरली की त्या साखळीने, हे कोणी सांगू शकत नाही.

दातवाल्यांनी विचारलं, साखळी टाकली कोणी? मी म्हणाले, ते आमच्या घरातलं आहे.

पहिल्यांदा मागे कोणीतरी खुसखुसलं, मग सगळा माळा हसायला लागला. घरातलं म्हणजे कोण, हे ओळखायला कोणाला अक्कल लागणार होती? एकजण म्हणाला की बापालाच भरवसा नाही तिथे आम्ही आमच्या होड्या बांधायच्या होय. माझे कान तापले. बाबा जिन्याजवळ बसले होते, त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. पण मी खाली बसले नाही. हसणं संपेपर्यंत उभी राहिले आणि मग म्हणाले, मला आणखी एक वाऱ्याचा हंगाम हवा आहे, एक होडी हवी आहे, आणि कोणाचाही आधार नको आहे. बुडबुडेबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की कोंब त्या पुन्हा लावतील.

दातवाले हसत नव्हते. ते म्हणाले, न विचारता स्वतःची पडलेली बाजू सांगणारं माणूस त्यांनी या माळ्यावर आधी पाहिलं नव्हतं, तेव्हा हंगाम दिला. पण होडी तुझी तू शोध.

मी वळून पाहिलं तर जिन्याजवळची जागा रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी उठले तेव्हा बाबा घरात नव्हते. आई म्हणाली, धक्क्यावर गेलेत, आणि बुडी मारायला नाही, मी कपडे तपासलेत. मी धावतच गेले. बाबा आमच्या तराफ्यावर होते, ज्यावर साखळीने जड वजन ओढायचं विंच बसवलेलं आहे. तराफ्यावर हवेचे दोन मोठे सिलिंडर होते आणि त्यांच्याजवळ जड वजनं उचलायच्या पिशव्या घडी करून ठेवलेल्या. या पिशव्या पाण्याखाली बांधून त्यांत हवा भरली की बुडालेली होडीसुद्धा वर येते. मी काही विचारायच्या आत त्यांनी माझा बुडीचा पोशाख माझ्या हातात दिला.

"होडी तुझ्याच दोराला राहील. ठोकळा वर काढायचाय," ते म्हणाले. "तो खाली आहे तोवर माझा हात तिकडे जाणार. मला माझी खात्री नाही."

आम्ही खाडीत गेलो. त्यांची शिडाची होडी माझ्या बोयाला धरून होती. आकाश स्वच्छ होतं, पण खाडीच्या तोंडाशी पाणी काळवंडायला लागलं होतं. दुपारनंतर एक अवेळी जोराचा वारा येणार असं रेडिओवर सांगितलं होतं. म्हटलं, आज राहू दे, वारा जाऊ दे मग काढू. खरं सांगते, मी घाबरले होते. आजवर मागितलं ते समोर आलं की असंच होतं माझं. बाबांनी नुसती माझी दोरी हाताला गुंडाळली.

मी खाली गेले. ठोकळ्याच्या चारही बाजूंना पट्टे ओढले, पिशव्या अडकवल्या, हवेची नळी आत धरली. पिशव्या फुगत गेल्या, पट्टे ताठ झाले, तरी ठोकळा हलेना. इतकी वर्षं गाळात रुतून बसला होता. मग एकदम सुटला. खालून काळ्या गाळाचा लोट उठला आणि बुडबुड्यांची एक माळ सुळकन वर निघाली. बाई इथे असत्या तर त्या बुडबुड्यांच्या मागे धावल्या असत्या. गाळ बसला तेव्हा मला खड्डा दिसला, चौकोनी, आणि त्याच्या काठावर, साखळी जिथे कधी पोचली नव्हती तिथे ठोकळ्याला अगदी चिकटून, गवताची चार पाती उभी होती.

वर आले तेव्हा ठोकळा पिशव्यांखाली लोंबकळत होता आणि बाबा त्याला विंचची साखळी लावत होते. शिंपल्यांनी भरलेला, हिरवा, आम्हा दोघांपेक्षा कितीतरी जड. त्यांनी तो तराफ्याच्या कडेला घट्ट आवळला. वारा आता अंगाला लागत होता. त्यांची होडी वळली, माझा दोर ताणला गेला, पाण्याबाहेर हातभर आला, थेंब गाळत थरथरला आणि पुन्हा आत गेला. बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांनी ओठ आवळले होते आणि त्यांचे हात उगाच खिसे चाचपत होते. त्यांना काय वाटत होतं ते मला दिसत होतं. एकदा वाटलं, म्हणावं की नेऊ तिला धक्क्यावर, आजच्या दिवस. मी ते बोलले नाही.

"आता सुटली तर तुझी सुटली," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "माझी."

त्यांनी मान डोलावली, इंजिन सुरू केलं आणि तराफ्याचं तोंड धक्क्याकडे वळवलं. त्यांनी सुकाणू धरलं होतं, म्हणून त्यांची पाठ होडीकडे होती. ती त्यांनी धक्का येईपर्यंत तशीच ठेवली.